लकव्याचा रुग्ण घरी, नाकात नळी: खेड्यात फीड कसं द्यायचं

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सिस्टरनं माझ्या हातात मोठी सिरिंज दिली आणि एकदा फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ जेवण, देऊन दाखवलं. पाच मिनिटांत शिकवणी संपली. त्यानंतर सात आठवडे मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जेवण, पाणी, गोळ्या, सगळं त्या सिरिंजमधून गेलं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, ग्रामीण रुग्णालय वीस-बावीस किलोमीटरवर, आणि नाल्याला पूर आला की तेवढंही जवळ नाही. त्या पाच मिनिटांत जे सांगायचं राहिलं ते मी पुढे सेवाग्रामच्या डॉक्टरांना, गावातल्या आरोग्यसेविकेला आणि एका स्पीच थेरपिस्टला (बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाला) विचारून विचारून गोळा केलं. ज्यांच्या घरी उद्या-परवा असा रुग्ण येणार आहे त्यांच्यासाठी ते इथे लिहिते.

एक गोष्ट सगळ्यात आधी. नळी पोटातच आहे याची खात्री झाल्याशिवाय तिच्यात थेंबसुद्धा ओतायचा नाही. बाकी काही चुकलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. हे चुकलं तर जीव जाऊ शकतो.

गिळणं का जातं

लकव्यानं हातपाय गेले की सगळ्यांना दिसतं. घसा गेला ते दिसत नाही. घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण यावं लागतं आणि अन्न मागच्या अन्ननलिकेत उतरावं लागतं. हे सगळं सेकंदभरात होतं आणि त्याचा ताळमेळ मेंदू ठेवतो. लकव्यानंतरच्या पहिल्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांचा हा ताळमेळ बिघडतो. बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत परत येतो. नळी असते ती या मधल्या दिवसांसाठी.

गिळणं बिघडल्याच्या खुणा अशा: पाणी पिताच ठसका लागणं, पाण्यानंतर आवाज गुळणी धरून बोलल्यासारखा ओला होणं, एका कोपऱ्यातून लाळ गळणं, घास लुळ्या बाजूच्या गालात तसाच राहणं. पण काही रुग्णांना ठसकाच लागत नाही. अन्न आवाज न करता फुप्फुसात उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला, धाप सुरू होते. म्हणून 'ठसका लागला नाही, म्हणजे जमते' असा हिशोब घरी करू नका. गिळण्याची तपासणी डॉक्टर, प्रशिक्षित सिस्टर किंवा स्पीच थेरपिस्टनंच करायची.

आपल्या भागात लकवा काही क्वचितचा आजार नाही. 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या 86 गावांत केलेल्या अभ्यासात साधारण सात मृत्यूंमागे एक लकव्यानं झालेला आढळला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत एक लकवेवाला असतो, आणि प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो. आमच्याकडे आत्याबाई आल्या आणि म्हणाल्या, "एक घोटभर पाणी तं दे वं पोरी, बुढ्याचा जीव तरसून राह्यला. काय होते एका घोटानं?" त्यांची माया खरी होती. मी त्यांना ओला कापूस दिला आणि म्हटलं, "ओठ भिजवा आत्याबाई, तोंडात थेंब नका सोडू." तीर्थाचंही तसंच केलं. ओठांना लावलं, आत घातलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून बाजेच्या उशाशी पुठ्ठा टांगा: 'तोंडानं काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही.' आमच्याकडे त्या पुठ्ठ्यानं रोजची वादावादी वाचवली.

दुसरा नेहमीचा सल्ला सलाईनचा. 'नळी कायले, दोन बाटल्या लावून घ्या.' 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत फक्त 25 ग्रॅम साखर असते. त्यातून मिळणारी ताकद ज्वारीच्या एका भाकरीइतकीही नाही, आणि प्रथिनं तर अजिबात नाहीत. सलाईननं पाणी भरून निघतं, पोट भरत नाही.

नळ्या किती प्रकारच्या

नाकातून पोटात जाणारी साधी नळी म्हणजे रायल्स ट्यूब. दवाखान्यात तिला नुसतं 'आरटी' म्हणतात. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरच्या नावावरून तिला हे नाव पडलं. मोठ्या माणसाला साधारण 14 किंवा 16 नंबरची घालतात. नळीवर 50, 60, 70 सेंटिमीटरच्या खुणा असतात. साधी प्लास्टिकची नळी पोटातल्या आम्लानं आठ-दहा दिवसांत कडक होऊ लागते. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची नळी मऊ असते, महाग पडते, पण कित्येक आठवडे टिकते. घरी दीर्घकाळ लागणार असेल तर सुट्टीआधीच मऊ नळीबद्दल विचारा, आणि कोणतीही असली तरी बदलायची तारीख कागदावर लिहून घ्या.

दुसरी नळी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवतात. तिला पेग म्हणतात. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. नाकातून लहान आतड्यापर्यंत जाणारी तिसरीही असते, पण तिचं फीड संथ आणि सतत द्यावं लागतं. ते दवाखान्यातलं काम.

देण्याच्याही पद्धती आहेत. सिरिंजनं दर काही तासांनी, पिशवी टांगून थेंबथेंब, किंवा पंपानं. पंप अतिदक्षता विभागात दिसतो. एकदम दिल्यावर ज्याला उलटी होते त्याला पिशवी बरी पडते, कारण तेच फीड तास-दीड तासात हळूहळू उतरतं. पिशवी वापरत असाल तर तिच्यावर मोठ्या अक्षरात 'जेवण' लिहा. हाताला सलाईन लावलेलं असताना घाईत नळ्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि अन्न शिरेत गेलं तर माणूस वाचणं कठीण. आमचं सगळं सिरिंजवर झालं, पुढचं त्याबद्दल.

बाज, उशी, खुर्ची

फीड देताना रुग्णाचं वरचं अंग किमान 30 अंश, जमल्यास 45 अंश उंच हवं. दवाखान्यात पलंगाचा दांडा फिरवला की झालं. घरी आपली बाज, तीही मधोमध झोळ पडलेली. माणूस त्या झोळात घसरतो, कमरेत वाकतो, पोट दाबलं जातं आणि अन्न वर येतं. बाजेच्या पायाखाली दोन विटा ठेवून हे साधत नाही, तेवढ्यानं जेमतेम पाच-सहा अंश चढ येतो.

आम्ही प्लास्टिकची खुर्ची बाजेवर उलटी ठेवली, तिची पाठ उतरती आली. त्यावर गोधडी आणि उशी. कमरेपासून खांद्यापर्यंत साधारण दोन फूट धरा. खांदे कमरेपेक्षा एक फूट वर आले की 30 अंश, जवळपास दीड फूट आले की 45. झोळ पडलेल्या बाजेवर आधी लाकडी फळी टाका. गुडघ्याखाली गुंडाळलेली वाकळ दिली तर माणूस घसरत नाही. लुळ्या बाजूला उशी लावा, नाहीतर तो त्या बाजूला कलतो.

सामान फार नाही. नळीच्या तोंडाला बसणारी 50 किंवा 60 सीसीची सिरिंज, मिलिलिटरच्या खुणा असलेलं भांडं, बारीक गाळणी आणि स्वच्छ पांढरं सुती फडकं, उकळून गार केलेलं पाणी, चिकटपट्टी, आणि एक वही. सिरिंज प्रत्येक फीडनंतर साबण-गरम पाण्यानं धुऊन, दट्ट्या वेगळा काढून, झाकून वाळवा. दट्ट्या अडकू लागला की नवी घ्या.

फीड देताना

हात साबणानं धुवा. रुग्ण झोपेत, गुंगीत असेल तर जागा करा, काय करणार ते सांगा. बोलता येत नसलं तरी बहुतेकांना ऐकू येतं, कळतं. मामाजींना 'बाबा, जेवण देतो' म्हटलं की ते चांगला हात थोडा उचलायचे.

त्यांना बसतं करा आणि मग नळी तपासा. हीच ती खात्री, म्हणून सविस्तर सांगते.

दवाखान्यात नळी बसवल्यावर एक्स-रे काढून ती जठरात असल्याची खात्री करतात, तोच पक्का पुरावा. त्याच वेळी नाकपुडीशी नळीवर मार्करनं खूण करून घ्या आणि नाकापासून बाहेरच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये वहीत लिहा. घरी प्रत्येक फीडआधी ही खूण नाकाशीच आहे का आणि लांबी तेवढीच आहे का ते बघा. मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघा, नळीचं वेटोळं घशात जमा झालेलं तर नाही ना. खोकला, उलटी, जोराची उचकी झाली असेल तर हे पुन्हा बघायचं, कारण बाहेरची खूण जागेवर असूनही आतलं टोक वर सरकलेलं असू शकतं.

मग सिरिंज लावून दट्ट्या हळू ओढा. पिवळट, हिरवट किंवा दुधाचं फाटलेलं पाणी आलं तर ते पोटातलं. दवाखान्यानं पीएचच्या पट्ट्या दिल्या असतील तर त्यावर थेंब टाका. 5.5 किंवा त्याहून कमी आला की नळी जठरात असल्याचं धरतात. रुग्णाला आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडा जास्त येऊ शकतो, म्हणून तुमच्या रुग्णासाठी कोणता आकडा चालेल ते आधीच विचारून ठेवा. काहीच आलं नाही तर घाबरू नका. त्याला डाव्या कुशीवर वळवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा ओढा. तरीही काही आलं नाही, किंवा खुणेबद्दल शंका असेल, तर ते फीड द्यायचं नाही. एक जेवण चुकल्यानं होणारं नुकसान भरून निघतं.

सिरिंजनं हवा मारून पोटावर कान लावून गुडगुड ऐकायची पद्धत तुम्हाला बरेच जण दाखवतील. तिच्यावर विसंबू नका. नळी फुप्फुसात किंवा अर्ध्या वाटेवर असली तरी तसा आवाज येऊ शकतो. नळीचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याचंही तेच.

ओढताना मागच्या फीडमधलं अर्ध्याहून जास्त तसंच परत आलं तर पोट अजून रिकामं झालेलं नाही. ते हळूच परत सोडा, तासभर थांबा. दुसऱ्यांदाही तसंच झालं, किंवा पोट नगाऱ्यासारखं फुगलं असेल, तर डॉक्टरांना फोन.

सगळं ठीक असेल तर आधी 30 मिली पाणी. नळी बोटांनी दुमडून धरा, सिरिंजचा दट्ट्या पूर्ण काढा, नळकांडं नळीला लावा, पाणी भरा आणि मग दुमड सोडा. दट्ट्यानं ढकलायचं नाही. नळकांडं पोटाच्या पातळीपासून एक-दीड फूट वर धरलं की आपोआप उतरतं. वेग कमी-जास्त करायचा तर हात वर-खाली करा. 200 मिलीला पंधरा ते वीस मिनिटं लागायला हवीत. नळकांडं पूर्ण रिकामं व्हायच्या आधी पुढचं ओता, नाहीतर हवा आत जाते. शेवटी पुन्हा 30 ते 50 मिली पाणी. ही शेवटची धुलाई विसरली की तासाभरात वरण नळीत आळतं. झाकण लावा, नळी खांद्याजवळ कपड्याला टाचा, आणि त्याला तासभर तसंच बसतं ठेवा. अंगपुसणं, चादर बदलणं, कुशीवर वळवणं सगळं फीडच्या आधी.

मधेच खोकला उसळला, धाप लागली, ओठ निळे पडले तर लगेच दुमडा, बंद करा. उलटी येत असेल तर कुशीवर वळवा, तोंड पुसा. श्वास सुधारला नाही तर 108.

वहीत वेळ, किती दिलं, किती पाणी, लघवी, संडास, ताप लिहा. आमच्या घरी मी, नणंद आणि माझा नवरा आळीपाळीनं देत होतो. वही नसती तर दोन वेळा दिलं गेलं असतं किंवा एकदाही नाही.

नळीतून काय द्यायचं

इथे आपल्या घरांमध्ये सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती मायेपोटी होते. नळी बारीक म्हणून वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी दिलं जातं. दोन लिटर गेलं म्हणून समाधान वाटतं. पंधरा दिवसांत गाल बसतात, पाठीला जखम होते. मामाजींचं पहिल्या दहा दिवसांत तीन किलो वजन कमी झालं, तेव्हा मला हिशोब करायला भाग पडलं.

हिशोब असा. साधारण किलोमागे 25 ते 30 कॅलरी, एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं, आणि 30 मिलीच्या आसपास पाणी, रोज. 50 किलोच्या माणसाला 1250 ते 1500 कॅलरी, 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं, दीड लिटर द्रव. किडनी, हृदय किंवा साखरेचा आजार असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून तुमच्या रुग्णाचा आकडा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडून घ्या. आणि रुग्ण आठवडाभर जवळपास उपाशी राहिला असेल तर एकदम पूर्ण फीड सुरू करू नका. रक्तातले क्षार अचानक बदलून जिवावर बेतू शकतं, ती सुरुवात दवाखान्यातच व्हावी.

आम्ही सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी सहा फीड देत होतो, प्रत्येकी 250 मिलीच्या आत. तीन दुधाची, तीन वरणभाताची.

दुधाचं: 200 मिली दूध, फुटाण्यांचं अगदी बारीक पीठ दोन पोह्याचे चमचे, साखर दोन लहान चमचे, तेल एक लहान चमचा. पीठ आधी थोड्या पाण्यात कालवून दुधात शिजवायचं, मग फडक्यातून गाळायचं. यात अडीचशेच्या वर कॅलरी आणि दहाएक ग्रॅम प्रथिनं येतात. मधुमेह असेल तर साखर नाही.

वरणभाताचं: तांदूळ 20 ग्रॅम, मूगडाळ 20 ग्रॅम, एकत्र गाळ होईपर्यंत शिजवून, एक लहान चमचा तेल घालून मिक्सरमधून काढायचं आणि गाळायचं. सुमारे 185 कॅलरी. तुरीच्या डाळीचंही चालतं, पण मूग लवकर एकजीव होतो. चालत असेल तर उकडलेलं अंडं यातच मिक्सरला लावा, सहा ग्रॅम प्रथिनं वाढतात. फोडणी, मोहरी, जिरं, मिरचीचं साल, काही नको. कढीपत्त्याच्या एका तुकड्यानं आमची नळी अर्धा दिवस तुंबली होती.

लोडशेडिंगमध्ये मिक्सर चालत नाही. म्हणून फुटाण्यांचं पीठ चक्कीवरून दोनदा दळून डब्यात भरून ठेवा, वीज नसतानाही दुधाचं फीड होतं. संत्री घरची असली तरी रस दुधाच्या फीडबरोबर देऊ नका, दूध नळीतच फाटतं. रस द्यायचाच तर गाळून, वेगळ्या वेळी, आधी-नंतर पाणी देऊन.

उन्हाळ्यात 45 अंशांवर पारा जातो तेव्हा शिजवलेलं फीड तासाभरात वापरा, उरलेलं टाका. सकाळचं संध्याकाळी नाही. द्यायच्या वेळी कोमट असावं, मनगटावर थेंब टाकून बघा. एप्रिल-मे महिन्यांत घाम जास्त जातो, म्हणून दोन फीडच्या मधे 100-150 मिली साधं पाणी द्या आणि लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतं आहे. मात्र हृदय-किडनीच्या रुग्णाचं पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

जुलाब लागले तर आधी स्वच्छता तपासा: भांडी, सिरिंज, पाणी, माश्या. संडास तीन दिवस झाली नाही तर डॉक्टरांना सांगा, बऱ्याचदा पाणी वाढवलं की सुटते.

गोळ्या

प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, अगदी पिठासारखी, 10-15 मिली पाण्यात विरघळवून द्यायची, आणि प्रत्येक गोळीनंतर थोडं पाणी. सगळ्या एकत्र कुटून फीडमध्ये मिसळू नका. नळी तुंबते आणि अर्धं औषध भांड्यालाच राहतं.

पण सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली तर दिवसाचा डोस एकदम अंगात जातो, आणि बीपीच्या गोळीबाबत ते फार धोक्याचं. पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असलेल्या गोळ्याही कुटून काम करत नाहीत किंवा पोटाला त्रास देतात. पॅन्टोप्राझोल त्यातलीच, ॲस्पिरिनच्या बऱ्याच गोळ्याही. आमच्या सुट्टीच्या कागदावर अशा दोन गोळ्या होत्या आणि आम्ही आठवडाभर कुटून दिल्या, कारण कुणी बोललंच नाही. सुट्टीच्या दिवशी सगळ्या पट्ट्या समोर ठेवून विचारा: यातली कोणती कुटायची नाही, तिच्या जागी विरघळणारी किंवा पातळ कोणती?

इन्सुलिन चालू असलेल्यांसाठी खास: फीड चुकलं किंवा उलटी झाली तर नेहमीचं इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, गुंगी आली तर साखर उतरली समजा. नळी जागेवर असेल तर साखरपाणी नळीतून द्या, तोंडातून नाही, आणि वाट न बघता 108 ला फोन करा.

तोंड आणि नाक

तोंडानं काही जात नाही, मग दात कशाला घासायचे, असं वाटतं. उलट आहे. लाळ तर आत जातच असते, आणि घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो. दिवसातून किमान दोनदा, रुग्णाला बसतं करून किंवा कुशीवर घेऊन, मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यानं दात, हिरड्या, जीभ, लुळ्या बाजूचा गाल पुसा. पाणी कमीत कमी. कवळी असेल तर रात्री काढा.

आपल्याकडे खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, बोलावंच लागतं. मामाजींना चाळीस वर्षांची सवय. भेटायला आलेल्या एका दोस्तानं प्रेमानं चिमूटभर गालात ठेवली, मी वेळेवर पाहिली म्हणून बरं. सुपारीचा तुकडा घशात गेला तर गुदमरतो, आणि तंबाखूनं बीपी वाढतं, पुन्हा लकव्याला निमंत्रण. तलफ खरी असते, माणूस चिडतो, रडतो. डॉक्टरांना तसं सांगा, तंबाखू सुटण्यासाठी मदत मिळते.

नाकावरची पट्टी रोज बदला. तिथली कातडी धुऊन, वाळवून, थोडी जागा बदलून नवी लावा. नळी नाकपुडीच्या कडेला दाबून बसू नये, तिथे जखम होते. रुग्ण गुंगीत नळी ओढत असेल तर चांगल्या हातात जाड मोजा घाला. हात बाजेला बांधू नका.

नळी तुंबली, सरकली, निघाली

तुंबली तर कोमट पाणी सिरिंजमध्ये घ्या, हळू आत, हळू बाहेर, चार-पाच वेळा. मग दहा मिनिटं थांबून पुन्हा. तार, सुई, सायकलची स्पोक घालायची नाही. जोर लावून ढकलायचं नाही, नळी आत फाटते. कोल्ड्रिंक ओतल्यानं दुधाचं फाटून आणखी घट्ट होतं.

अर्धी बाहेर आली तर आत ढकलू नका, फीड देऊ नका. पूर्ण निघाली तर ते स्वतः संकट नाही, पण त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नेऊन घालून घ्या, आणि खात्री करून घेतल्याशिवाय पहिलं फीड देऊ नका. गावातल्या ओळखीच्या कंपाउंडरला बोलावून घरीच घालून घेऊ नका. लकव्याच्या रुग्णाचा घसा बधिर असू शकतो, नळी श्वासनलिकेत गेली तरी तो खोकेलच असं नाही. आशाताईंचा आणि केंद्राचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पूर येण्याच्या दिवसांत नळी बदलायची तारीख जवळ असेल तर दोन दिवस आधीच जाऊन या.

ताप आला, छातीत घरघर वाढली, श्वास जलद झाला, संडास किंवा उलटी काळी आली, नळीतून रक्त आलं, किंवा माणूस आधीपेक्षा सुस्त वाटला, तर उद्यापर्यंत थांबू नका.

चार आठवड्यांनंतर

महिनाभरात गिळणं परत आलं नाही आणि पुढेही नळी लागेल असं दिसलं, तर डॉक्टर पेगचा विषय काढतात. तोंडातून दुर्बीण घालून पोटाला लहानसं छिद्र करून नळी बसवतात. बरेचदा पूर्ण भूल लागत नाही. नाक मोकळं होतं, ओढायला सोपं नसतं, महिनोन्‌महिने चालतं. पण पहिल्या आठवड्यांतच पेगची घाई करू नये, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या 'फूड' नावाच्या मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. पहिले दोन-तीन आठवडे नाकातलीच नळी बरी. पेगनंतरही बसतं करून फीड द्यावंच लागतं, लाळेचा आणि उलटीचा धोका राहतोच. छिद्र रोज साबण-पाण्यानं पुसून कोरडं ठेवायचं. पेग निघाली तर स्वतः घालू नका, छिद्र काही तासांतच आवळू लागतं, लगेच निघा.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी, अकोला आणि यवतमाळची शासकीय महाविद्यालयं, अशी मोठी रुग्णालयं आपल्या भागात आहेत.

आमच्याकडे पेगची वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात थेरपिस्टनं चमचाभर घट्ट दह्यानं सुरुवात केली. पाण्यापेक्षा घट्ट पदार्थ हळू सरकतो, म्हणून घशाला सावरायला वेळ मिळतो. ताठ बसून, हनुवटी थोडी खाली, एक चमचा, गिळलं का ते बघून दुसरा. हनुवटीची ही रीत सगळ्यांना चालत नाही, तुमच्या रुग्णाला चालते का ते थेरपिस्टकडून तपासून घ्या. दोन आठवडे तोंडानं थोडं आणि नळीनं बाकीचं असं चाललं. दिवसाचं जवळपास सगळं तोंडानं जाऊ लागलं, वजन टिकलं, ताप नाही, तेव्हा नळी काढली. काढल्यावरही मी महिनाभर वही चालू ठेवली: किती खाल्लं, ठसका किती वेळा, संध्याकाळचा ताप, आणि दर सोमवारी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. पातळ पाणी मात्र त्यांना आणखी तीन आठवड्यांनी, थेरपिस्टसमोर, पहिल्यांदा दिलं.